चर्नी रोडची बाग, कान्हेरीची वाट आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण. बोललेले शक्यतो तसेच ठेवले आहे.)



प्रथमच कबूल करतो की मी वक्ता नाही. तेहतीस वर्षे उद्यान खात्यात माळी म्हणून नोकरी केली. माझ्या हातात माईकपेक्षा खुरपं शोभतं. समितीने सांगितले, "काका, तुम्ही रविवारी पोरांना घेऊन बागेत जाता, कान्हेरीला जाता, त्याच्यावर बोला." म्हणून उभा आहे. चुकलं-माकलं पदरात घ्या.

सुरुवात बाबासाहेबांपासून करतो. शाळेत असताना बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. घर म्हणजे एक खोली. त्या खोलीतच स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच आल्यागेल्याची उठबस. वाचायला जागा कुठली? शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक फिरायला येत. रोज एकाच ठिकाणी बसून पुस्तकात डोके घालणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली, पुस्तके मिळू लागली. पुढे भीमरावांच्या शाळेतल्या यशाबद्दल सभा झाली, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुस्करांचा हात होता.

आता विचार करा. एका सार्वजनिक बागेतल्या बाकावर एक मुलगा बसला नसता, तर ही भेट कुठे झाली असती? आपण आज ज्या विहारात बसलो आहोत, त्याचा एक धागा त्या बाकापर्यंत जातो असं मला वाटतं. म्हणून मी बागेला करमणुकीची जागा एवढंच म्हणत नाही. ज्याच्या घरात जागा नाही त्याची ती अभ्यासिका आहे, म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना आहे, आणि दिवसभर घरकाम करून दमलेल्या बाईचे ते माहेर आहे.

पण ही जागा आपल्याला कोणी ताटात वाढून दिलेली नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, तो मंजूरही झाला. सरकारी खर्चाने बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली करावी असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः हजारोंच्या पुढे चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. ठराव केल्याने जागा खुली होत नाही, माणसे तिथे गेल्याने खुली होते, हा महाडचा धडा मी असा वाचतो.

माझ्या लहानपणी आमच्या वस्तीजवळ एक बाग होती. कोणती ते सांगत नाही. तिथला रखवालदार आमचे कपडे बघून आम्हाला फाटकावरूनच परत पाठवायचा. आम्ही गजाला तोंड लावून आतला घसरगुंडीचा खेळ बघायचो. पुढे मी माळी झालो तेव्हा मनाशी एकच ठरवले होते की मी असेन त्या बागेतून कपडे बघून मूल परत जाणार नाही. तेवढं मात्र पाळलं.

आता आपल्या विहारासमोरच्या बागेकडे येतो. सहा-सात वर्षांपूर्वीची अवस्था तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. एका कोपऱ्यात राडारोडा, दुसऱ्या कोपऱ्यात पत्त्यांचा डाव आणि बाटल्या. आपल्या बाया-पोरी त्या बाजूने जायच्या नाहीत. झाडे होती, पण बुंध्यापर्यंत फरशी बसवलेली. जाहिरातीच्या पाट्यांसाठी खिळे ठोकलेले. झाडाला बोलता येत नाही म्हणून बरं, नाहीतर त्याने पहिली तक्रार आपल्यावरच केली असती.

मी निवृत्त झाल्यावर चार पोरे आणि महिला मंडळाच्या तीन ताया घेऊन विभाग कार्यालयात अर्ज दिला. परवानगीशिवाय काही करायचे नाही हे पहिल्यापासून ठरलेले होते. पोरांना हे पटत नव्हते. "काका, आपलीच बाग, परवानगी कशाला?" मी म्हटले, अर्जाची पोच हातात असली की उद्या कोणी हाकलू शकत नाही. शिवाय शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे लेखी परवानगी लागते. आपण कायद्याने जगणारी माणसे आहोत. अर्जाचा कागद हे आपले हत्यार आहे, ते गंजू देऊ नका.

काम काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण इथे इतर विहारांचीही मंडळी आली आहेत. पहिल्यांदा खात्याच्या माणसांकडून बुंध्याभोवतीच्या फरश्या काढून घेतल्या आणि प्रत्येक झाडाला आळे केले. मुळांना पाणी आणि हवा लागते. बुंधा सिमेंटमध्ये आवळला की झाड वरून हिरवे दिसते, पण आतून उपाशी राहते आणि एखाद्या पावसाळ्यात आडवे होते. मग खिळे काढले. दुसरे काम पाल्याचे. पूर्वी पालापाचोळा गोळा करून पेटवून द्यायचे आणि धूर सगळा आपल्या घरात. आता विटा फटी ठेवून रचल्या आहेत, त्यात पाल्याचा थर, वर थोडी माती, वर शेणपाणी. मुंबईच्या पावसात खड्ड्यात पाणी भरून सगळं कुजतं आणि वास सुटतो, म्हणून हौद जमिनीच्या वर ठेवायचा आणि पावसाळ्यात झाकायचा. काही महिन्यांत काळीभोर भुसभुशीत माती हातात येते. खत विकत आणायची गरज नाही.

रोपांचं एक सांगतो. रोप लावायला सगळे येतात, कारण तेव्हा फोटो निघतो. फोटो जूनमध्ये आणि रोपाचं मरण एप्रिलमध्ये, हे मी नोकरीत तीस वर्षे बघितलं. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला माणूस लागतो. म्हणून आपण जेवढी कुटुंबे तयार झाली तेवढीच रोपे लावली. करंज, बहावा, ताम्हण, बकुळ, कडुनिंब अशी आपल्या हवेतली झाडे. एका घराला एक झाड. तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवून संध्याकाळी आळ्यात. बांबूचा टेकू द्यायचा आणि तारेने बांधायचे नाही, तार सालीत रुतते. जुन्या सुती लुगड्याची पट्टी घ्यायची, सैल बांधायची.

आणि पिंपळाबद्दल. प्रत्येकाला विहाराच्या भिंतीला लागून बोधिवृक्ष हवा असतो. श्रद्धा समजते, पण पिंपळाची मुळे भिंत फोडतात, आणि मग दहा वर्षांनी आपल्यालाच तो तोडायची पाळी येते. बोधिवृक्ष तोडायला अर्ज करायचा, याहून वाईट काय? पिंपळाला मोकळे मैदान द्या. संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी सिंहलद्वीपात नेली. अनुराधपुरात तो वृक्ष आजही उभा आहे, तो दोन हजारांहून जास्त वर्षे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी राखला म्हणून.

आता मी अवघड गोष्टीकडे येतो. खरं तर हेच बोलायला मी आलो आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी आपल्यातला एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, "काका, बाबासाहेबांनी आपल्याला झाडू खाली ठेवायला सांगितला. तुम्ही तो पुन्हा हातात देताय." मंडळी, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. माझे वडील सफाई खात्यात झाडूवाले होते. कामावरून आल्यावर ते नळावर कोपरापर्यंत हात घासून घासून धुवायचे आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे. मला सांगायचे, "तू झाडू धरायचा नाही." मी माळी झालो तेव्हा ते म्हणाले, "माती हाय, घाण न्हाय. चालंल." आणि त्याच बापाचा मुलगा म्हातारपणी पोरांच्या हातात झाडू देत होता. रात्रभर झोप आली नाही.

भर म्हणजे त्याच रविवारी रस्त्यापलीकडच्या इमारतींमधली काही मंडळी मदतीला म्हणून आली होती. आली ती हात मागे बांधून उभी राहिली. फोटो काढले. एक गृहस्थ आपल्या पोरांना बोट दाखवून म्हणाले, "तिकडची घाण पण उचला, तुम्हाला सवय असेल." पोरांनी घमेली तिथंच टाकली आणि निघून आली. मी त्यांना अडवलं नाही. त्यांचं बरोबर होतं.

त्या आठवड्यात आपण इथे, याच हॉलमध्ये बसलो. वाद झाला, आवाज चढले. वेठ आणि दान यातला फरक काय, यावर दोन तास बोललो. गावात महाराला जे करावे लागे ती वेठ होती. नाही म्हणायची सोय नव्हती, मोबदल्याचा भरवसा नव्हता, आणि ते काम जन्माला चिकटलेले होते. त्या वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले. दान त्याच्या उलट आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्यालाच दान देता येते. श्रमदान हा शब्द आपण सहज वापरतो, पण ज्याच्यावर ते लादलेले आहे त्याच्यासाठी तो शब्द खोटा आहे.

त्या बैठकीत चार गोष्टी ठरल्या, त्या आजपर्यंत पाळल्या आहेत.

एक, कामाची वाटणी चिठ्ठ्या टाकून. झाडू, फावडे, पाणी, नोंदवही, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. डॉक्टर असो, हमाल असो, पुरुष असो, बाई असो. पुरुषांनी पाणी घालायचे आणि बायकांनी झाडायचे असेही चालणार नाही. घरात तरी कुठे चिठ्ठ्या टाकतो आपण?

दोन, दुसऱ्याला बोट दाखवून काम सांगायचे नाही. दिसले तर स्वतः उचलायचे.

तीन, गटार, मैला, तुंबलेली मोरी याला आपल्यापैकी कोणीही हात लावणार नाही. हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने बंद आहे, २०१३ चा कायदा त्यासाठीच आहे. त्यासाठी तक्रार करायची आणि काम यंत्राने, नीट साधनांनी करून घ्यायचे.

चार, आणि ही मी हट्टाने घातली. पगारी माणसाचे काम आपण फुकट करायचे नाही. आपण रोज झाडलोट करू लागलो तर उद्या कोणी म्हणेल, इथे माळी कशाला, सफाईवाला कशाला, लोक करतातच. त्यात कंत्राटी माणसाची भाकरी जाते, आणि तो माणूस बहुतेक आपल्यातलाच असतो. म्हणून आपण रविवारी दोन तास येतो. रोजचे काम खात्याचे, त्याचा माणूस भरला नाही तर आपण अर्ज करतो. झाडाची काळजी आपली, झाडणाऱ्याच्या पगाराची काळजीही आपलीच.

पलीकडच्या मंडळींना हे नियम पाठवले. काही आली नाहीत. जी आली त्यांत एक बँकेतल्या मॅडम होत्या. त्यांच्या चिठ्ठीत झाडू निघाला. त्यांनी पदर खोचला आणि शेवटपर्यंत झाडले. त्या आजही येतात, आज समोर बसल्या आहेत. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा आपली नोंदवही सांभाळतो. त्याचे पूर्ण समाधान झाले आहे असे मी म्हणणार नाही. तो अजून भांडतो, आणि भांडणारा माणूस गटात असलेला बरा.

काही जण म्हणतात, बाग विहाराने दत्तकच घ्या. माझा विरोध आहे. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ साली मोठा वाद झाला तो तुम्हाला आठवत असेल. लोकांची भीती हीच होती की सांभाळायला दिलेल्या जागेला हळूच कुलूप लागते. आपल्या हातात किल्ली आली तर आपणही कधीतरी कोणाचे तरी कपडे बघू. किल्ली नको. बाग सर्वांची राहू द्या, आपण तिची सोबत करू.

आता जरा आनंदाची गोष्ट. नुसते काम काम केले तर माणूस कंटाळतो. महिन्यातून एक रविवार आपण कान्हेरीला जातो. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे, एवढ्या गर्दीच्या शहराच्या पोटात. आत तुळशी आणि विहार हे तलाव, वारली पाडे, बिबटे. आणि त्या जंगलाच्या मधोमध शंभराहून जास्त बौद्ध लेणी. तिथले चैत्यगृह, ओसरीतल्या दोन उंच बुद्धमूर्ती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण पोरांना मी आधी पाणी दाखवतो. लेण्या-लेण्यापाशी कातळात खोदलेली टाकी, पावसाचे पाणी टाक्यात नेणाऱ्या पन्हळी. मग बाहेरचे दगडी बाक दाखवतो. भिक्खूही संध्याकाळी तिथे टेकत असतील, समोरची झाडी बघत असतील.

आणि मग शिलालेखांची गोष्ट सांगतो. तिथे राजेरजवाड्यांची नावे कमी, साध्या माणसांची जास्त. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. कल्याणच्याच एका लोहाराने, नंद त्याचे नाव, वाट दान दिल्याचा लेख आहे. वाट! मूर्ती नाही, कळस नाही, चालायची वाट. घाम गाळणाऱ्या एका कारागिराला वाटले की डोंगर चढणाऱ्याचा पाय घसरू नये, आणि त्याच्या धम्माला हे दान शोभून दिसले. हे सांगितले की पोरे पायाखाली बघून चालायला लागतात.

आपल्या धम्मात बाग आणि वाट नवी नाही. पाली भाषेत आराम म्हणजेच बाग. बिंबिसाराने दिले ते वेळुवन, अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन, जीवकाने दिली ती आंबराई. एका सुत्तात तर भगवंतांना विचारले आहे की कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, आणि उत्तरात बागा आणि वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई आणि विहीर देणारे यांची नावे आहेत. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या. आपल्या शेजारच्या सोपाऱ्याला १८८२ साली त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सांगितले आहे की पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, आणि अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. म्हणजे फिरणे सोडले नाही, फिरण्याची रीत बदलली. आपली रविवारची फेरी त्याच रीतीची व्हावी असे मला वाटते.

भिक्खूंना वर्षावास कशासाठी? पावसाळ्यात फिरताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तीन महिने एका जागी राहायचा नियम झाला. हिरवळीवर आणि पाण्यात थुंकू नये असाही विनयात नियम आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा! आणि आपण बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जाऊन थर्माकोलच्या ताटल्या टाकून येतो. बोललो तर राग येईल, पण मी त्या उचलल्या आहेत, म्हणून बोलतो.

कान्हेरीला जाताना एवढे ध्यानात ठेवा. डबा घरचा, भाकरी-ठेचा, चपाती-भाजी, आणि आणले ते सगळे परत न्यायचे. उष्टे टाकले की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि मग दोष बिबट्याला. लेण्यांत मेणबत्ती, अगरबत्ती लावायची नाही, काजळी दगडावर बसते. वंदना तोंडाने करा, ती पुरते. भिंतीवर नाव कोरणे तर दूरच. तिथे आपण झाड लावत नाही, माती खणत नाही. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत आणि जंगल वन खात्याच्या. ठरलेल्या वाटेने जायचे, आतल्या वाटांना परवानगी घेऊन, वाटाड्याबरोबर. अंधार पडायच्या आत बाहेर. पाड्यांवरच्या माणसांना जोहार घाला, त्यांच्या दारात जाऊन फोटो काढू नका. आपल्या दारात कोणी असे केले तर आपल्याला आवडेल का?

या जंगलात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. गेल्या खेपेला आपल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींना पोरे दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेली. आयुष्य मुंबईत गेले, पण जंगलात पहिल्यांदाच गेल्या. जांभळी झाडी बघून म्हणाल्या, "हे एवढं जवळ व्हतं आन्‌ मला कुणी सांगितलं न्हाई." पुढचा बहर २०३२ चा. आज इथे बसलेल्या प्रत्येक मुलाने तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचे, हे आताच ठरवून टाका.

आता संपवतो. आपल्या बागेत अजून पुष्कळ कमी आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, अर्ज चालू आहेत. उतरत्या बाजूला कठडा हवा. पण एक गोष्ट झाली. तीन अर्ज केल्यावर कोपऱ्यातल्या बाकाजवळ खांबावर दिवा लागला. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी तिथे आपली सात-आठ मुले वाचत बसतात, पलीकडच्या इमारतीतलीही दोन येतात. परवा मी बघितलं, बँकेच्या मॅडम एका मुलीला गणित समजावत होत्या. मी लांबूनच मागे फिरलो. मला चर्नी रोड आठवला.

विहार म्हणजे राहण्याची जागा आणि विहार म्हणजे मोकळे फिरणेसुद्धा. दोन्ही सांभाळू या. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता विहाराच्या दारात या. हातमोजे आपण देतो, चिठ्ठ्या तयार आहेत. आणि काम नसेल करायचे तरी या, बाकावर बसा. तेही लागते. माणसे बसली की बाग खुली राहते.